मागितलं ते मिळालं का?

बेटा,

तुझा रात्री साडेबाराचा मेसेज वाचला. प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरचा पॅच (कोडमधला बदल) तुझ्याकडे तपासायला आलाय. तो लिहिणारे सर तुला १५ वर्षं सीनियर, टेस्ट सगळ्या पास, तरी होकार द्यायला मन धजत नाही. मग होकार देऊ नकोस. एवढ्यावरच थांबलो असतो, पण त्या पॅचमधलं 'गेट' (get) फंक्शन, म्हणजे आत्ताचा वेग सांगणारा कोड, पाहिलं आणि राहवलं नाही.

फर्मवेअरकडे, म्हणजे वेग प्रत्यक्ष बदलणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामकडे, १८,००,००० किलोहर्ट्झ मागायचे आणि नंतर कुणी वेग विचारला की तोच आकडा पुढे करायचा? मागितलं ते मिळालं का, हे कुणी बघितलं? यावलला आमच्या केळीत मोबाइल स्टार्टर आहे. फोनवर 'मोटर चालू' येतं, तरी वडील शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन ठिबकची नळी हातानं चाचपतात. एकदा मोटर चालू होती आणि नळी कोरडी.

माझ्या हातून असा कोड गेलाय. फर्मवेअरनं दिलेला एरर कोड ड्रायव्हर टाकून देत होता. मला दिसलं होतं. रिलीज अडेल म्हणून गप्प बसलो. मे महिन्यात जळगावच्या उन्हात बोर्ड तापले, फर्मवेअरनं वेग उतरवला आणि कर्नल पूर्ण वेगच दाखवत राहिला. त्यानंतर एकाचा पॅच मी चारदा परत पाठवला. तो अजून बोलत नाही. लोक मला आडमुठा म्हणतात; म्हणू देत. चौथ्या खेपेला त्यात खरोखर चूक सापडली होती.

आणि किलोहर्ट्झचे हर्ट्झ करताना ३२ बिटांच्या आकड्यात १०००नं केलेला तो गुणाकार तुला कसा दिसला नाही? ४५,००,००० किलोहर्ट्झचे हर्ट्झ होतात ४५० कोटी. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटीच मावतात, वरचं सांडून उरलेलंच राहतं. फर्मवेअरला जेमतेम साडेवीस कोटी पोचतील! फास्ट स्विचही, म्हणजे वेग झटपट बदलणारा कोडही, बघ. तो शेड्युलरच्या (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाच्या) वाटेवर चालतो, तिथं वाट बघत झोपायची मुभा नाही; मेलबॉक्सच्या, म्हणजे फर्मवेअरशी निरोप देणाऱ्या-घेणाऱ्या वाटेच्या, उत्तराची वाट बघत बसणारा कॉल तिथं नको.

कर्नल वेगाचे दोन आकडे दाखवतो. त्यातलं स्केलिंग_कर_फ्रीक (scaling_cur_freq) बहुतेक वेळा शेवटची मागणीच दाखवतं. सीपीयूइन्फो_कर_फ्रीकनं (cpuinfo_cur_freq) हार्डवेअरला विचारायला हवं, आणि ते गेटमधूनच येतं. म्हणून तर गेटपाशी अडून बस. सरांना मान राखून लिही, पण लिही: 'मागितलं ते मिळालं का, हे इथं तपासलेलं नाही.'

त्या टेस्ट जानेवारीच्या थंडीत झाल्यात. बोर्ड डब्यात बंद कर, प्रोसेसरचे सगळे कोअर अर्धा तास पळव, आणि ते दोन्ही आकडे, काम पुरं व्हायला किती वेळ लागला त्यासकट, मला पाठव. रविवारी भरीत आहे. येताना लॅपटॉप आण.