लसणाचे पाणी आणि काढलेल्या फळांची कूज

प्रश्न : काढून ठेवलेल्या संत्र्यांवर आठवडाभरात हिरवी बुरशी चढते. लसूण वाटून, त्याच्या गाळलेल्या पाण्यात फळे बुडवून पाहिली, तरी काही कुजलीच. वनस्पतींच्या अर्काचा खरोखर उपयोग होतो, की माझेच काही चुकते आहे?

उत्तर : उपयोग होतो, पण बुरशीने फळात मूळ धरण्यापूर्वीच. संत्र्यावरची हिरवी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम, अखंड सालीतून आत शिरत नाही. तोडताना लागलेले कात्रीचे टोक किंवा क्रेटच्या कडेला घासून पडलेला बारीकसा ओरखडा तिला पुरतो. आधी बोटाने दाबल्यास खचणारा पाणचट डाग, मग त्यावर पांढरी बुरशी आणि शेवटी मधोमध हिरवी भुकटी, असा तिचा क्रम असतो. पाणचट डाग दिसला की अर्काची वेळ टळलेली असते. म्हणून फळे तोडल्या दिवशीच बुडवावीत.

लसणातील बुरशीरोधक अ‍ॅलिसिन अख्ख्या पाकळीत नसते. पाकळी ठेचल्यावर एका विकरामुळे (एन्झाइममुळे) ते तयार होते आणि फार काळ टिकत नाही. पाकळ्या आधी उकळल्या तर ते विकरच निकामी होते, त्यामुळे लसणाचा काढा करण्यात अर्थ नाही. वाटण ताजेच हवे.

लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये बुरशीच्या पेशींचे आवरण खिळखिळे करतात. मात्र त्यांची तेले पाण्यात विरघळत नाहीत. नुसते तेल पाण्यात ओतले तर त्याचे थेंब सालीला चिकटून तिथे तपकिरी चट्टे पडतात, म्हणून इमल्सीकारक, म्हणजे तेल पाण्यात एकजीव ठेवणारा पदार्थ, मिसळावाच लागतो. शिवाय ही तेले लवकर उडून जातात. प्रयोगशाळेतल्या बंद काचपात्रात बुरशी रोखणारी मात्रा उघड्या फळावर अनेकदा अपुरी पडते, हे विसरून केलेल्या जाहिरातींवर माझा फारसा विश्वास नाही. कायटोसनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) लेपात तेल मिसळल्यास ते सालीवर अधिक टिकते. मात्रा वाढवली, तर फळाला तेलाचाच वास लागतो.

आंबा आणि पपईवरच्या करप्याची, म्हणजे फळावर काळे डाग पाडणाऱ्या बुरशीजन्य रोगाची, गोष्ट वेगळी आहे. तो फळ कोवळे असतानाच सालीत शिरून पिकेपर्यंत दबा धरून बसतो, त्यामुळे वरवरचा अर्क त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आंब्यासाठी सुमारे ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटे बुडवण्याची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

आपण पुढच्या खेपेस आधी दहा फळांवर अर्क वापरून दोन दिवस साल पाहावी. कुजलेले फळ हलक्या हाताने पिशवीत घालून बाहेर न्यावे, कारण ते जरा हलले तरी हिरवी भुकटी शेजारच्या फळांवर उडते.