लहान मूल आणि एकटीचा व्यवसाय : भरवशाची माणसे कशी जोडावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही एकटीने व्यवसाय चालवता, मूल अजून शाळेच्या वयाचे नाही, आजूबाजूचे सगळे तोंडभरून कौतुक करतात, पण ऐन वेळी कोण धावून येईल हे सांगता येत नाही, तर अशा वेळी भरवशाची माणसे कशी जोडावीत? मी मुद्रितशोधन आणि संपादनाचा व्यवसाय एकटीने करते आणि मुलीच्या लहानपणापासून करत आले आहे. उत्तर त्या अनुभवातून देत आहे, परंतु शिवणकाम, शिकवण्या, हिशेबलेखन अशा कोणत्याही कामाला ते लागू पडावे.

सुरुवात माणसांच्या यादीपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले जवळचे कोण याचा विचार करू लागले की नात्यांचा आणि मानापमानांचा गुंता सुरू होतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. त्याऐवजी आपण उद्यापासून तीन दिवस अंथरुणाला खिळलो तर कोणकोणती कामे अडतील, याची यादी करावी : मुलाला पाळणाघरातून कोण आणेल, ग्राहकाला कोण कळवेल, अर्धवट राहिलेले काम कोणाला सापडेल, येणे असलेल्या रकमेची आठवण कोण करून देईल. जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले होते : भावनिक आधार, प्रत्यक्ष मदत, माहिती आणि आपल्या कामाचे मूल्यमापन. आपली यादी या चार प्रकारांत विभागली की बहुतेकींना असे आढळते की पहिल्या प्रकारची माणसे पुरेशी आहेत, दुसऱ्या प्रकारची एकदोन आहेत आणि चौथ्या प्रकारचे कोणीच नाही. जी मैत्रीण आपले रडणे ऐकून घेते तिनेच मूलही सांभाळावे आणि आपले दर कमी आहेत की जास्त हेही सांगावे, अशी अपेक्षा धरली तर तिच्यावर अन्याय होतो आणि आपल्यालाही तिच्याकडून धड काहीच मिळत नाही.

या यादीतील सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे व्यवसायातली बदली व्यक्ती. मूल सांभाळणारे कोणीतरी शोधावे हे सर्वांना सुचते. आपले काम सांभाळणारे कोणीतरी शोधावे हे मात्र क्वचितच कोणाला सुचते. पाळणाघरात जाऊ लागलेल्या लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा सर्दी होणे हे डॉक्टरांच्या दृष्टीने सामान्य आहे. म्हणजे मूल आजारी पडणे ही अवचित आलेली अडचण नसून वर्षाच्या वेळापत्रकाचाच भाग आहे, आणि तापलेले मूल आपल्यालाच बिलगणार असल्याने त्या दिवशी दुसऱ्या कोणी ते सांभाळण्यापेक्षा दुसऱ्या कोणी आपले काम पुढे नेणे अधिक उपयोगी ठरते. हे करू शकणारी व्यक्ती अर्थातच आपल्याच व्यवसायातली असणार, आणि तिला आपण आजवर प्रतिस्पर्धी समजत आलो असण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या कामात अशा दोघी आहेत आणि मीही त्यांच्यासाठी तेच करते. आमच्यात काही गोष्टी लेखी ठरलेल्या आहेत : बदलीवर केलेल्या कामाचा मोबदला कोण आणि कोणत्या दराने देणार, ग्राहकाचा मजकूर गोपनीय ठेवणे, त्या ग्राहकाशी परस्पर व्यवहार न करणे, आणि काम परत देताना काय झाले व काय राहिले याची छोटी टिपण सोबत जोडणे. ग्राहकालाही काम घेतानाच सांगून ठेवावे की आजारपणाच्या काळात आपली सहकारी काम पाहील. असे सांगितल्याने काम हातचे जाईल ही भीती मला तरी अनाठायी वाटली. मुदत पाळली जाणार याची खात्री ग्राहकाला अधिक मोलाची असते.

अशी व्यक्ती मिळणार कुठे, हा पुढचा प्रश्न आहे. आपल्या अगदी जवळच्या वर्तुळात ती बहुधा नसते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडत होती. उरलेल्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. जवळच्या माणसांना बहुतेक तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक आहे, आणि नवी माहिती दूरच्या ओळखींतून येते, हे त्यामागचे कारण. म्हणून जुने सहकारी, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेली बाई, आपल्याला न झेपणारे काम ज्यांच्याकडे आपण पाठवतो ते लोक, यांच्याशी वर्षातून दोनतीनदा तरी कामाच्या निमित्ताने बोलणे ठेवावे. एरवी मूल लहान असताना सर्वांत आधी तुटतात त्या याच ओळखी.

मदत मागण्याचा संकोच हा खरा अडसर आहे आणि त्याचा मोठा भाग चुकीच्या अंदाजातून येतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी लोकांना अनोळखी व्यक्तींकडे छोटी मदत मागायला सांगितले होते. ठरलेली संख्या गाठण्यासाठी जितक्या माणसांना विचारावे लागेल असे त्यांना वाटत होते, त्याच्या जवळजवळ निम्म्या माणसांतच त्यांचे काम झाले. मात्र या विनंत्या समोरासमोर, एकेका व्यक्तीला केलेल्या होत्या, हे विसरू नये. पन्नास जणींच्या गटात ‘उद्या कोणी मोकळे आहे का?’ असा निरोप टाकला तर प्रत्येकीला वाटते की दुसरी कोणीतरी उत्तर देईल. एका व्यक्तीला, वार, वेळ आणि शेवट सांगून विचारावे : ‘गुरुवारी चार ते साडेपाच मुलाला तुमच्याकडे ठेवू शकाल का? जमत नसेल तर माझ्याकडे दुसरी सोय आहे.’ हे शेवटचे वाक्य खरे असावे, म्हणजे समोरच्याला नाही म्हणणे सोपे जाते आणि पुढच्या वेळी तो आपल्याला टाळत नाही. ‘काही लागले तर सांग’ असे कोणी म्हणाले तर तेव्हाच एखादे लहान, नेमके काम सांगून टाकावे. त्या वाक्याची मुदत फार नसते.

घरात जोडीदार किंवा दुसरी प्रौढ व्यक्ती असेल, तर तिला कामे न देता जबाबदाऱ्या द्याव्यात. ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घर चालवण्यामागच्या बौद्धिक श्रमाचे चार भाग दाखवले : गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ते पार पडले की नाही यावर लक्ष ठेवणे. निर्णय बहुधा दोघे मिळून घेत होते, पण पहिला आणि शेवटचा भाग मुख्यतः स्त्रियांकडेच होता. ‘डॉक्टरकडे घेऊन जाशील का?’ असे विचारले की लसीकरणाची तारीख आपल्याच डोक्यात राहते. लसीकरण हा विषयच पूर्णपणे सोपवला की त्या तारखेसह तो डोक्यातून जातो. आपल्या पद्धतीने झाले नाही म्हणून तो परत ओढून घेण्याचा मोह मात्र टाळावा लागतो.

इतर आयांशी आळीपाळीने मुले सांभाळण्याची व्यवस्था उत्तम चालते, पण तिचा फार काटेकोर हिशेब ठेवू नये. वॉशिंग्टनमधील कॅपिटल हिल भागात सुमारे १५० जोडप्यांनी अशी सहकारी व्यवस्था चालवली होती आणि तिची हकिगत १९७७ मध्ये एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात छापून आली. मूल सांभाळले की कूपन मिळे आणि आपले मूल ठेवायचे तर कूपन द्यावे लागे. कूपने कमी पडू लागताच लोक ती पुढच्या अडचणीसाठी साठवू लागले, बाहेर जाईनासे झाले, आणि त्यामुळे इतरांना कूपने मिळवण्याची संधीही उरली नाही. अधिक कूपने छापली तेव्हा व्यवहार पुन्हा सुरू झाले. अर्थशास्त्रज्ञ या उदाहरणाकडे चलनाच्या दृष्टीने पाहतात. मला त्यात असे दिसते की परतफेडीची धास्ती बसली की लोक मदत घेणेच थांबवतात, आणि घेणारे नसले की देणाऱ्यांचीही गैरसोय होते. तीनचार कुटुंबांचा गट असेल तर ढोबळ आठवण पुरते. एखादी सतत घेतच असेल तर ते सर्वांच्या लक्षात येतेच, आणि ते मोकळेपणाने बोलता येत नसेल तर तो गट तसाही फार दिवस टिकायचा नाही.

पैसे देऊन मिळणारी मदत कमी प्रतीची समजू नये. मूल सांभाळणारी बाई, हिशेब पाहणारी व्यक्ती, सामान पोहोचवणारा मुलगा हीदेखील आपली माणसे आहेत. त्यांचे पैसे वेळेवर देणे आणि त्यांच्या सुट्ट्यांचा मान राखणे यावर त्यांचा भरवसा टिकतो.

चौथ्या प्रकारासाठी, म्हणजे मूल्यमापनासाठी, वेगवेगळ्या व्यवसायांतल्या तिघीचौघींनी महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी बसावे आणि उत्पन्नाचे आकडे खरे सांगावेत. आकडे न सांगता केलेली चर्चा मनाला बरी वाटते, पण दर वाढवावेत की नाही याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

क्रमाच्या दृष्टीने सांगायचे तर व्यवसायातली बदली व्यक्ती आधी शोधावी, कारण तिला सर्वांत अधिक वेळ लागतो. मुलासाठी दुसरी ओळखीची प्रौढ व्यक्ती त्यानंतर. दोन्हींची चाचणी अडचण नसताना घ्यावी : मूल एखाद्या साध्या दिवशी तासभर त्या व्यक्तीकडे ठेवावे, आणि बदली सहकारीला घाई नसलेले छोटे काम द्यावे. त्या पहिल्या कामाचा मोबदला, ग्राहकाकडून रक्कम येण्याची वाट न पाहता, काम हाती आल्याबरोबर चुकता करावा.