मे महिन्यातली हुडी

नागपूर, मार्चअखेर

प्रिय मुली,

चव्वेचाळीस अंशांत हुडी घालूनही तुला गरम होत नाही. ऑफिसच्या एसीत मात्र दातांवर दात वाजतात आणि मानेवरून घामाचा एक थेंब ओघळला तरी किंचाळावंसं वाटतं. तू ऑटिस्टिक आहेस, मग यातलं खरं काय, असं तू विचारलंस. सगळंच खरं.

फक्त दोन खाती वेगळी ठेव, एक त्रासाचं आणि दुसरं धोक्याचं. बहुतेकांना आधी त्रास होतो, म्हणून ते सावलीत सरकतात आणि धोका आपोआप टळतो. तुझी ही दोन खाती एकमेकांना विचारून चालत नाहीत. घामाचा थेंब त्रास प्रचंड देतो, त्यात धोका काहीच नाही. हुडी अंगाला घट्ट धरून ठेवते म्हणून बरी वाटते, आणि धोका नेमका तिच्यात आहे.

ऑटिझममध्ये ही गोष्ट नवी नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत वेदना किंवा तापमान जाणवतच नाही असं दिसणं, हे संवेदनांच्या वेगळेपणाचं उदाहरण म्हणून दिलेलं आहे. तहान, भूक, अंग तापणं असे आतून येणारे निरोपही अनेकांना उशिरा किंवा अस्पष्ट पोचतात. त्वचेवर गरम-थंड स्पर्श देऊन केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे 'यांना गरम कळतच नाही' असं कुणी सरसकट सांगितलं तर मान डोलवू नकोस.

आधी स्वतःच्या अंगाच्या तापमानाचा नेहमीचा आकडा काढ. साधा डिजिटल थर्मामीटर पुरे. दोन आठवडे सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मोज. धातूचं टोक जिभेखाली सहन होत नसेल तर काखेत धर, पण एकदा ठरवलेली जागा बदलू नकोस, कारण काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्ध्या अंशाने (सेल्सिअस) कमी येतो. चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर तोंडात मोजायचं तर अर्धा तास थांब. कपाळावर रोखायची बंदूक उन्हातून आल्या-आल्या खोटं बोलते. पहाटे आकडा कमी आणि संध्याकाळी जास्त असणारच, आणि पाळीच्या आधीचे दोन आठवडे तो थोडा वर सरकतो, त्याने घाबरू नकोस. नेहमीच थंडी वाजत असेल तर मात्र सगळं ऑटिझमच्या माथी मारायचं नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घे.

आता उन्हाळा. तहानेची वाट पाहायची नाही, पाणी घड्याळावर प्यायचं. घरात-ऑफिसात दर तासाला एक पेला, उन्हात राहावं लागलं तर दर वीस मिनिटांनी. फोनच्या गजराचा आवाज खुपत असेल तर थरथर लाव. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं, असा सरळ अर्थ. खूप घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजूनच. मीठ अंदाजाने टाकलं की ते जास्त पडतं आणि मग नुकसान होतं. पन्हं, ताक चालेल. खिशातल्या कांद्याने कुणाचं अंग गार झालेलं नाही, तो भाकरीबरोबर खावा.

हुडीऐवजी आत अंगाबरोबर बसणारी सुती बनियन आणि वरून सैल सुती सदरा. दाब हवा असेल तर तो बनियनने मिळतो, आणि घाम ओघळण्याऐवजी कापडात मुरतो. बाहेर पडताना दुपट्टा ओला करून, पिळून डोक्या-मानेला गुंडाळ. ओल्या कापडाचा स्पर्श नको वाटला तर फक्त मनगटं आणि हात ओले कर.

खोलीतल्या कूलरचा तुला वैताग येणार, आवाजाचाही आणि वासाचाही. वास साचलेल्या पाण्याचा असतो. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची (डासही होत नाहीत), ताट्या (कूलरच्या बाजूंच्या, पाणी धरणाऱ्या जाळ्या) हंगामाच्या सुरुवातीला नव्या. आधी नुसता पंप दहा मिनिटं चालू ठेव, ताट्या नीट भिजू दे, मग पंखा कमी वेगावर. समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच. ती बंद ठेवली की दमट हवा खोलीतच कोंडते, अंग चिकचिकतं आणि दोष कूलरला जातो. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात कूलर हवा दहा-बारा अंशांनी खाली आणतो. पाऊस सुरू झाला की हीच युक्ती फसते, कारण ओलाव्याने भरलेल्या हवेत पाणी सुकतच नाही. नुसता पंखा चाळिशीच्या वर गरम हवाच अंगावर फेकतो.

अंघोळीचं पाणी सकाळीच बादलीत भरून ठेव. गच्चीवरची टाकी दुपारी अशी तापते की थंडाच्या नळालाही चटका बसतो. तू हात घालून ठरवू नकोस, बादलीत पाण्याचा थर्मामीटर टाक. चाळीसच्या वर गेलं तर अंगावर घ्यायचं नाही.

औषधं चालू असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना हा एकच प्रश्न विचार: यातल्या कशाने घाम कमी होतो किंवा अंगाची उष्णता वाढते? रिस्पेरिडोनसारखी औषधं शरीराच्या तापमान-नियंत्रणात अडथळा आणू शकतात, ट्रायहेक्सिफेनिडिल आणि टोपिरामेटने घाम कमी होऊ शकतो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम वाढतं. मनाने गोळी बंद करायची नाही.

सगळ्यात नाजूक जागा ही. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर जातं आणि माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, गप्प होतो. तुझं शटडाऊन, म्हणजे ताण असह्य झाला की बोलणं थांबून गप्प होणं, बाहेरून तसंच दिसतं. रूममेटला वाटेल, हिचं नेहमीचं आहे, एकटी सोडूया, आणि नेमका तोच वेळ हातचा जाईल. म्हणून फोनच्या कव्हरमागे एक कार्ड ठेव. मजकूर एवढाच:

'मी ऑटिस्टिक आहे. कधी कधी माझं बोलणं थांबतं. उन्हात किंवा तापलेल्या खोलीत तसं झालं तर ते नेहमीचं समजू नका. सावलीत न्या, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्धीत नसेन तर तोंडात पाणी घालू नका.'

रूममेटला ते आधीच वाचायला दे आणि आणखी दोन गोष्टी सांग. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असं नसतं. आणि तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे. बर्फ असेल तर मानेशी, काखेत, जांघेत. अँब्युलन्स येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.

हिवाळ्याचं थोडक्यात. लोकर टोचते म्हणून तू पातळ कपड्यांत फिरतेस, पण २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात पारा ३.५ वर उतरला होता. आत सुती, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड), लेबलं शिवणीपाशी उसवून काढलेली. ऑफिसच्या एसीसाठीही हेच फ्लीसचं जाकीट खुर्चीला अडकवून ठेव. हुडी दिवाळीपर्यंत कपाटात.

तुझी,
ताई