वाचकांचे प्रश्न : ‘आर्ट्स’ या एका शब्दाचा घोळ

परदेशातील पदवी शिक्षणावर उत्तरे देताना गेल्या अंकात अमेरिकेतील माउंट होल्योक या मुलींच्या छोट्या खाजगी कॉलेजचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील प्रातिनिधिक प्रश्न या वेळी घेतले आहेत; एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला असून रसायनशास्त्रात तिला विशेष गती आहे. तिच्या शाळेतील समुपदेशकांनी माउंट होल्योकचे नाव सुचवले. माहिती काढली तेव्हा ते ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेज असून तिथे बी.ए. मिळते असे कळले. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीला आर्ट्सला घालायचे आणि तेही अमेरिकेत, यावर घरात रोज वाद होतो. आम्ही काय समजावे? (एक पालक, सांगली)

उत्तर : घरातल्या वादाचे मूळ शब्दात आहे, कॉलेजात नाही. आपल्याकडे दहावीनंतर आर्ट्स, कॉमर्स आणि सायन्स असे तीन रस्ते फुटतात आणि एकदा धरलेला रस्ता सहसा सुटत नाही. त्यामुळे ‘आर्ट्स’ म्हटले की सायन्स सुटले असे आपण गृहीत धरतो. ‘लिबरल आर्ट्स’मधील ‘आर्ट्स’चा अर्थ मात्र ‘विद्या’ असा आहे, आणि युरोपातील जुन्या परंपरेत या विद्यांमध्ये व्याकरण व तर्कशास्त्राच्या जोडीला अंकगणित, भूमिती आणि खगोलही मोजले जात असत. माउंट होल्योकमध्ये रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र हे सारे विषय पूर्ण वाढीचे आहेत. प्रयोगशाळेत चार वर्षे घालवलेल्या मुलीलाही पदवी मात्र बी.ए. हीच मिळते. लग्नाच्या बैठकीत हे समजावून सांगणे थोडे अवघड जाईल हे मान्य आहे. पुढील शिक्षणासाठी अर्ज करताना मात्र पदवीच्या अक्षरांपेक्षा कोणते विषय घेतले आणि त्यांत काय केले हेच पाहिले जाते.

व्यवस्था अशी आहे की प्रवेश घेताना शाखा ठरवावी लागत नाही. पहिली दोन वर्षे मुलगी मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, आणि विज्ञान व गणित या तिन्ही गटांतील विषय घेते, एखादी परकी भाषा शिकते, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत आपला मुख्य विषय जाहीर करते. म्हणजे आपल्या मुलीला रसायनशास्त्र घ्यायचे असेल तर ती पहिल्या सत्रापासूनच ते घेईल. फरक एवढाच, की त्याच आठवड्यात तिला अर्थशास्त्राचा किंवा तत्त्वज्ञानाचाही वर्ग असेल आणि तिथेही तिला निबंध लिहून द्यावा लागेल.

याचा उपयोग काय, असा पुढचा प्रश्न येणारच. फ्रान्सिस पर्किन्स या माउंट होल्योकच्या १९०२ च्या पदवीधर. त्यांचा मुख्य विषय भौतिकशास्त्र होता. शेवटच्या वर्षी त्यांनी अमेरिकेच्या आर्थिक इतिहासाचा एक वर्ग घेतला, आणि त्या वर्गाच्या प्राध्यापिकांनी विद्यार्थिनींना शेजारच्या होल्योक गावातील गिरण्या व कारखाने प्रत्यक्ष पाहून तिथल्या कामगारांच्या स्थितीविषयी लिहायला लावले. पर्किन्स पुढे त्याच वाटेने गेल्या. १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या, त्या देशाच्या मंत्रिमंडळात बसलेल्या पहिल्या महिला ठरल्या, आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यामागील प्रमुख व्यक्तींपैकी एक होत्या. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीला गिरणीचे दार दाखवणारी पद्धत म्हणजे लिबरल आर्ट्स, एवढे घरी सांगितले तरी पुरे.

रसायनशास्त्राविषयी स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. एम्मा पेरी कार या १९१३ ते १९४६ अशी तेहतीस वर्षे तिथल्या रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. अतिनील किरणांच्या साहाय्याने सेंद्रिय रेणूंची रचना समजून घेण्याचे काम त्यांनी पदवीच्या विद्यार्थिनींना बरोबर घेऊन केले, आणि अमेरिकेतील महिला रसायनशास्त्रज्ञांना दिले जाणारे गार्व्हन पदक सर्वप्रथम, १९३७ मध्ये, त्यांनाच मिळाले. मोठ्या विद्यापीठात संशोधनाचे टेबल पीएच.डी. करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले असते, जिथे पीएच.डी.चे विद्यार्थीच नाहीत तिथे ते टेबल पदवीच्या मुलीच्या वाट्याला येते. छोट्या कॉलेजचा खरा लाभ हाच आहे असे मला वाटते, आणि माहितीपत्रकांतील हिरवळीच्या छायाचित्रांपेक्षा तो कितीतरी मोलाचा आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. इंजिनीअरिंगची पदवी हे कॉलेज स्वतः देत नाही. त्यासाठी दुसऱ्या संस्थेत आणखी वर्षे घालवून दुहेरी पदवी घेण्याचा मार्ग असतो आणि तो लांबचा व खर्चिक आहे. डॉक्टर होण्याचे मनात असेल तर हा रस्ता धरू नये, कारण अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि परदेशी विद्यार्थ्यांना तिथे फारच थोड्या जागा असतात.

प्रश्न : हे कॉलेज अमेरिकन मिशनने सुरू केले आणि आमच्या नगरच्या मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार तिथेच शिकल्या होत्या, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे काय? (एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर)

उत्तर : नाही, पण व्याख्यात्यांचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. सिंथिया फरार १८२७ मध्येच मुंबईत आल्या होत्या, आणि माउंट होल्योकचे दार उघडले ते ८ नोव्हेंबर १८३७ रोजी. तेव्हा फरारबाई तिथे शिकल्या असणे शक्यच नाही.

ही संस्था मिशनने नव्हे, तर मेरी लायन या शिक्षिकेने मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ हॅडली या गावी उभारली. १७९७ मध्ये एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मेरी लायन स्वतः मिळेल तिथे आणि जमेल तसे शिकल्या होत्या. मुलींना मुलांच्या कॉलेजच्या तोडीचे शिक्षण मिळावे आणि ते मध्यम परिस्थितीतील घरांना परवडावे, या दोन गोष्टी त्यांनी मनाशी पक्क्या धरल्या. हातात हिरवी मखमली पिशवी घेऊन त्या गावोगाव फिरल्या. इप्स्विच येथील स्त्रियांनी सुमारे हजार डॉलर जमवून दिले आणि काही दात्यांनी तर मोजके सेंटच पिशवीत टाकले. एखाद्या बाईने असे दारोदार पैसे मागत हिंडावे हे तेव्हाच्या प्रतिष्ठित मंडळींना रुचले नव्हते. आपल्याकडील अनेक संस्थांच्या इतिहासात अशीच झोळी आणि असेच नाक मुरडणे आढळते.

वर्षाची फी राहण्याजेवणासह ६० डॉलर होती. ती एवढी कमी ठेवता आली, कारण नोकरचाकर न ठेवता घरकाम मुलींनीच वाटून घ्यायचे असा नियम होता आणि रोज साधारण एक तास त्यात जाई. पुढे जगप्रसिद्ध कवयित्री झालेली एमिली डिकिन्सन १८४७-४८ या वर्षी तिथे होती. तिच्या वाट्याला आलेले काम असे : सकाळी व दुपारी जेवणाच्या टेबलांच्या पहिल्या रांगेतील सुऱ्या उचलून न्यायच्या आणि रात्री तेवढ्याच सुऱ्या धुऊन पुसून ठेवायच्या. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिने हे काम बारकाव्यांसह नोंदवले आहे. अभ्यासक्रमात मात्र सवलत नव्हती. शिक्षण पूर्ण करण्यासाठी विज्ञान व गणिताचे सात विषय घ्यावे लागत, जी त्या काळच्या मुलींच्या शाळांत न ऐकलेली गोष्ट होती. एमिली तिथे होती त्याच सुमारास, १८४८ मध्ये, इकडे पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची मुलींची शाळा सुरू झाली.

आता नगरचा खरा धागा. मेरी लायन यांची भाची अबिगेल मूर या माउंट होल्योकमध्येच शिकवत होत्या. एबेनीझर बर्जेस या मिशनऱ्याशी विवाह करून त्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी इकडे आल्या. बर्जेस यांचे नाव आपल्या वाचकांनी वेगळ्या संदर्भात ऐकले असेल : ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर त्यांचेच असून ते १८६० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या कामाची सुरुवात मराठी शाळांसाठी खगोलाचे पाठ्यपुस्तक तयार करण्याच्या खटपटीतून झाली होती. माउंट होल्योकच्या माजी विद्यार्थिनी पश्चिम महाराष्ट्राप्रमाणेच इराण आणि दक्षिण आफ्रिकेतही मिशनच्या कामाला गेल्या. त्यामुळे मिशनने कॉलेज काढले हे चूक असले, तरी कॉलेजने मिशनला माणसे पुरवली हे खरे आहे.

प्रश्न : आजच्या काळात फक्त मुलींचे कॉलेज कशासाठी? मुलगी बाहेर पडल्यावर पुरुषांबरोबरच काम करणार आहे ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला आणि त्याची उत्तरे संस्थांनी वेगवेगळी दिली. ‘सात भगिनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात जुन्या महिला कॉलेजांपैकी व्हासारने १९६९ मध्ये मुलांना प्रवेश दिला आणि रॅडक्लिफ १९९९ मध्ये हार्वर्डमध्ये विलीन झाले. माउंट होल्योकने मुलींचेच राहण्याचा निर्णय १९७१ मध्ये विचारपूर्वक घेतला. २०१४ पासून पारलिंगी विद्यार्थ्यांनाही तिथे प्रवेश मिळतो.

पण ‘फक्त मुलींचे’ म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येणारे उंच कुंपणाचे वसतिगृह नव्हे. १९६५ मध्ये माउंट होल्योक, स्मिथ, अॅमहर्स्ट आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ यांनी औपचारिक संघ स्थापन केला आणि नंतर हॅम्पशर कॉलेज त्यात आले. एका कॉलेजची विद्यार्थिनी दुसऱ्या कॉलेजातील विषय घेऊ शकते, त्यांच्या ग्रंथालयांतून पुस्तके मागवू शकते, आणि या संस्थांदरम्यान बसची सोय आहे. अॅमहर्स्ट आणि विद्यापीठातील मुलगेही माउंट होल्योकच्या वर्गात येऊन बसतात. सुमारे २२०० विद्यार्थिनींच्या कॉलेजात राहून मोठ्या विद्यापीठाची पुस्तके वापरायची, ही सोय मला तरी फार व्यवहारी वाटते.

वेगळेपणाने काय साधते याचे गणिती उत्तर देणे कठीण आहे. वर्गातील पहिला प्रश्न, प्रयोगशाळेतील मुख्य यंत्र, विद्यार्थी संघटनेचे अध्यक्षपद यांपैकी काहीही मुलाकडे आपोआप जात नाही, एवढे निश्चित. प्रसूतिगृहाच्या कागदावर बाळाच्या नावापुढे ‘अपगार’चा आकडा असतो, तो अनेक आयांच्या ओळखीचा असेल. जन्मल्यावर पहिल्या व पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, नाडी, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देण्याची ही पद्धत १९५२ मध्ये सुचवणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया अपगार माउंट होल्योकच्या १९२९ च्या पदवीधर होत्या. एका उदाहरणावरून नियम निघत नाही, हे मलाही मान्य आहे.

प्रश्न : खर्च किती आणि मदत मिळते का? (कोल्हापूर, नांदेड आणि पणजी येथून आलेली पत्रे)

उत्तर : मेरी लायन यांचे ६० डॉलर वाचून कोणी हुरळून जाऊ नये. आज राहण्याजेवणासह वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या वर जातो. छोटे वर्ग, निवासी व्यवस्था आणि शिकवण्याला वेळ देणारे प्राध्यापक यांची ती किंमत आहे. ही किंमत पूर्णपणे भरून मुलीला पाठवण्यासाठी घर किंवा जमीन गहाण टाकावी, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

मात्र छापील आकडा प्रत्येकाला भरावा लागत नाही. कॉलेज गरज पाहून मदत देते आणि गुणवत्तेवरही काही शिष्यवृत्त्या आहेत. परदेशी विद्यार्थिनींनाही दोन्ही मिळू शकतात. अट अशी, की परदेशी अर्जदाराने मदत मागितली असेल तर प्रवेशाचा निर्णय घेताना ती गोष्ट विचारात घेतली जाते. म्हणून मदतीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच आणि खरे आकडे देऊन करावा. आधी प्रवेश तर मिळू दे, पैशाचे मग पाहू, हा आपला लाडका हिशेब इथे अंगलट येतो. ‘अर्ली डिसिजन’ या पर्यायाने अर्ज करताना विशेष जपावे, कारण त्यात निवड झाल्यास तिथेच जाण्याची बांधिलकी आधीच पत्करलेली असते. एसएटी ही अमेरिकेतील कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा हे कॉलेज २००१ पासून सक्तीची मानत नाही, त्यामुळे तिच्या शिकवणीवर लाखभर रुपये घालवण्याआधी विचार करावा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला कॉलेजची माहिती सगळीकडे मिळते, पण तिथे दिवस कसा जातो ते कोणी सांगत नाही. (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : बहुतेक वर्ग वीस जणींच्या आतले असतात, त्यामुळे मागच्या बाकावर लपता येत नाही, वाचून गेले नाही तर पाच मिनिटांत कळते. सुरुवातीचे काही आठवडे आपल्याकडच्या हुशार मुलींनाही हे जड जाते, कारण आपल्याला उत्तर लिहायची सवय असते, बोलायची नसते. सत्राच्या काळात रात्री वसतिगृहात दूध आणि बिस्किटे ठेवण्याची प्रथा आहे आणि तिचे खास नाव सगळ्यांच्या तोंडी असते. नव्या विद्यार्थिनीला कॉलेजच्या टॅलकट काचघरातून एक छोटे रोप खोलीत ठेवायला देतात. पदवीदानाच्या आदल्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुली पांढरे कपडे घालून, लॉरेलच्या पानांची लांबलचक माळ खांद्यावर घेऊन मेरी लायन यांच्या समाधीपर्यंत जातात.

तुला सर्वांत आवडेल तो मात्र ‘माउंटन डे’. शरद ऋतूतील एका सकाळी अचानक घंटा वाजू लागतात आणि त्या दिवसाचे वर्ग रद्द होतात. तारीख कोणालाही आधी सांगितलेली नसते. त्यामुळे पाने रंग बदलू लागली की अभ्यास करून ठेवायचा की घंटेवर भरवसा ठेवायचा, हा जुगार दर वर्षी खेळला जातो. मग सगळ्या मिळून ज्या डोंगरावरून कॉलेजला नाव मिळाले तो माउंट होल्योक चढतात आणि माथ्यावर आइस्क्रीम खातात. ही प्रथा १८३८ पासूनची आहे. डोंगराची उंची तीनशे मीटरही नाही, सिंहगड चढलेल्या मुलीला तो काहीच वाटणार नाही. पण वाटेवर ओली पाने पडलेली असतात, तेव्हा सामानात चांगल्या तळव्यांचे बूट असू देत.