टोळी सगळ्यांची, पण विनोद कोणाचा?

प्रश्न : ‘बिग हीरो सिक्स’ या ॲनिमेशनपटाच्या मूळ कॉमिकमध्ये सुपरहिरोंची अख्खी टोळी जपानी होती म्हणे. मग सिनेमात निरनिराळ्या वंशांची माणसं आणणं म्हणजे एकाच्या ताटातलं दुसऱ्याला वाढणं नाही का?

काही अंशी आहेच. १९९८ मध्ये मार्व्हलने ही टोळी आणली ती जपान सरकारची म्हणून. डिस्नेच्या २०१४ च्या सिनेमात टोळीचा म्होरक्या, हिरो हमादा नावाचा मुलगा, अर्धा जपानी राहिला. टोळीतल्या गोगोला कोरियन-अमेरिकन अभिनेत्री जेमी चुंगचा आवाज मिळाला, हनी लेमन लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाची) झाली आणि वसाबी कृष्णवर्णीय. सिनेमातल्या शहरात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या मनोऱ्यांना जपानी तोरणद्वाराचा घाट द्यायचा आणि जपानी माणसं मात्र कमी करायची, हे मलाही खटकतं.

पण वसाबीचं काय झालं ते बघा. कॉमिकमधला वसाबी स्वयंपाकी आणि तलवारबाज. जपान म्हटल्यावर परक्या माणसाला जे पटकन सुचेल, तेच. सिनेमातला वसाबी धिप्पाड आहे, पण टेबलावरचं एकेक अवजार आखलेल्या जागीच हवं असणारा, आणि जिवावर बेतलेल्या पाठलागातही लाल सिग्नलला गाडी थांबवणारा! अशा देहयष्टीचा कृष्णवर्णीय माणूस कार्टूनमध्ये आला की तो दांडगाई करणार, हे ठरलेलं असायचं. इथे तोच सगळ्यांत जपून वागतो. गोगोच्या बाबतीत मात्र लेखकांनी आळस केला. तुसडी आशियाई मुलगी आणि केसांत रंगीत बट, हा साचा फार वापरून झालाय.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हिरो हमादाखेरीज टोळीतल्या कोणाचं घर आपल्याला दिसतं? एकट्या फ्रेडचं. तो गोरा आणि गडगंज. बाकीच्यांना स्वभाव मिळाले, घरं मिळाली नाहीत.

प्रश्न : पात्रावर हसणं आणि त्याच्या समाजावर हसणं, यातला फरक कसा ओळखायचा?

पात्राचा वंश मनातल्या मनात बदलून बघा. लाल सिग्नलचा विनोद कोणाच्याही नावावर टिकतो. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराचं बोलणं त्याच्या भारतीय हेलाविना उभंच राहत नाही.

अर्थात ही कसोटी सगळीकडे चालत नाही. २०२३ च्या ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन पाहुण्यांना मुंबॅटन हे आपलं काल्पनिक शहर दाखवताना ब्रिटिशांनी इथलं काय काय लुटून नेलं, असा टोमणा मारतो. हा विनोद भारतीयपणावाचून होणारच नाही. पण टोमणा मारणारा तो स्वतः आहे आणि तो बसतो ब्रिटिशांना. तेव्हा कसोटी लावल्यावर आणखी एक बघायचं : विनोदाची सूत्रं कोणाच्या हातात आहेत?

प्रश्न : आवाज देणारा कलाकार त्याच समाजातला हवा का?

शक्यतो हवा. अपूला आवाज देणं हँक अझारिया या गोऱ्या कलाकाराने जानेवारी २०२० मध्ये सोडलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘द सिम्पसन्स’ने बिगर-गोऱ्या पात्रांना गोऱ्या कलाकारांचे आवाज देणं थांबवलं. उशीर झाला, पण झालं ते बरं झालं. तरी संहिता लिहिणारे कोण आहेत, याला मी जास्त वजन देईन. वाईट वाक्य योग्य तोंडी घातलं तरी वाईटच राहतं. डबिंगला हा नियम लावू नका, तिथे भाषेवरची पकड पुरे.

प्रश्न : ‘बेमॅक्स!’ मालिकेत पाळीवर एक भाग आहे. सात वर्षांच्या मुलाला दाखवू का?

खुशाल दाखवा. २०२२ ची ही मालिका ‘बिग हीरो सिक्स’मधल्या बेमॅक्स या यंत्रमानवाची, छोट्या छोट्या भागांची आहे. या भागात सोफिया नावाच्या मुलीला शाळेत पहिल्यांदा पाळी येते. बेमॅक्स दुकानात जाऊन गिऱ्हाइकांनाच विचारतो, कोणते पॅड घेऊ? जो तो आपापला सल्ला देतो. त्यांत एक ट्रान्स पुरुषही (जन्मावेळी मुलगी मानला गेलेला, पण पुरुष म्हणून जगणारा) आहे, आणि आरडाओरडा झाला तो त्याच्या काही सेकंदांवरून. हसू येतं ते त्या फुगीर यंत्रमानवाच्या भाबड्या चौकशीचं, मुलीचं नाही. सात वर्षांच्या मुलाला त्यातलं अर्धं कळणारही नाही. विचारलंच, तर सरळ सांगून टाका.