नकार आल्यावर कारण विचारावं का?

*ताई, शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचले होते. मुलाखत छान रंगली. पॅनेलमधल्या एका बाईंनी ‘रुजू कधी होऊ शकाल?’ असंही विचारलं. मग आठवड्याने ईमेल आला: ‘आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.’ काय चुकलं तेच कळत नाही. विचारायला मोठं पत्र लिहून ठेवलंय. पण दादा म्हणतो, नकारानंतर विचारणं म्हणजे हातापाया पडणं. पाठवू का? – अस्वस्थ*

प्रिय अस्वस्थ,

जरूर विचार. फक्त ते लिहून ठेवलेलं पत्र पाठवू नकोस.

ते मोठं झालंय, म्हणजे त्यात ‘रुजू होण्याबद्दल विचारलं होतं, मग असं कसं झालं?’ हे कुठेतरी आलं असणार. शेवटच्या फेरीतल्या जवळजवळ प्रत्येकाला तो प्रश्न विचारतात गं. नोटीस पीरियड किती हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. त्यात तुला होकार ऐकू आला, म्हणून नकार जास्त लागला. पण असं पत्र वाचलं की समोरच्याला वाटतं, आपल्याकडे निर्णयाचा जाब मागितला जातोय, आणि तो गप्प बसतो. आधीच एचआरला नकाराचं कारण लेखी द्यायची धास्ती असते. उद्या कुणी भेदभावाची तक्रार केली, तर तेच वाक्य पुरावा म्हणून पुढे यायचं. म्हणून ते ठरावीक वाक्य पाठवतात. त्यातून स्वतःबद्दल काहीही अर्थ काढू नकोस.

दादाला तुझी काळजी आहे, पण त्याचं म्हणणं मला पटत नाही. हातापाया पडणं म्हणजे निर्णय बदला म्हणून विनवणं. तू पुढच्या मुलाखतीसाठी विचारते आहेस. खरंच तेवढंच हवंय ना, हे मात्र स्वतःला विचार. मनात कुठे ‘अजूनही बोलावतील’ अशी आशा असेल, तर एक-दोन दिवस थांब. त्याहून फार नको, कारण पॅनेलने बरेच उमेदवार पाहिलेले असतात आणि महिन्याभराने तुझं कोणतं उत्तर अडखळलं हे कुणालाच आठवणार नाही.

ज्यांनी नकार कळवला त्यांनाच लिही. पॅनेलमधल्या बाईंना लिंक्डइनवर शोधून मेसेज टाकू नकोस. मध्ये नोकरी जुळवून देणारा कन्सल्टंट असेल, तर आधी त्याला फोन कर. लेखी कधीच मिळणार नाही असं पुष्कळ काही तो तोंडी सांगून जातो.

आणि ‘माझं काय चुकलं?’ असं विचारू नकोस. याला कोण काय उत्तर देणार? चिमटीत धरता येईल असा प्रश्न हवा. असं काहीतरी:

‘निर्णय कळवल्याबद्दल आभार. पुढच्या तयारीसाठी एक विचारायचं होतं. प्रोजेक्टबद्दल बोलताना माझं सांगणं लांबलं, की मुद्दाच स्पष्ट झाला नाही? एक-दोन ओळी लिहिल्यात तरी मदत होईल.’

बस. याला उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरतात आणि कुणी अडचणीतही येत नाही. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे मुलाखतीत आपल्याविषयी केलेल्या नोंदी उमेदवार सहसा मागू शकतो. असा हक्क जिथे नाही, तिथे सगळं समोरच्याच्या सद्भावनेवर असतं, म्हणून मागणं लहान ठेवायचं.

उत्तर आलं तर वाद घालू नकोस, ते अन्यायाचं वाटलं तरी. आभार मान आणि जपून ठेव. ‘अनुभव कमी पडला’ असं असेल, तर त्यात तुझं चुकलेलं काहीच नाही. दुसऱ्या कुणाकडे तो जास्त होता, एवढंच. ‘आकडे सांगितले नाहीत’, ‘कंपनीबद्दल वाचलेलं दिसलं नाही’ अशी उत्तरं खरी मोलाची, कारण त्यावर उद्यापासून काम करता येतं. स्वभावावर शेरा आला, तर तो लगेच मनाला लावून घेऊ नकोस. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून तेच ऐकू आलं, तर मात्र विचार कर.

उत्तर न येण्याची शक्यताही बरीच आहे. आठवड्याने एकदा त्यांना आठवण करून दे, मग सोडून दे. म्हणून आजच, सगळं ताजं आहे तोवर, विचारलेले प्रश्न आणि तू दिलेली उत्तरं कागदावर उतरव. जिथे अडखळलीस तिथे खूण कर. मग तेच प्रश्न दादाला तुला विचारायला सांग, आणि तुझं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐक.

तुझी ताई