एमआरआयवरून मेंदूतली गाठ कर्करोगाचीच आहे हे नक्की सांगता येतं का?

अंदाज बऱ्याचदा पक्का बांधता येतो, पण शिक्कामोर्तब गाठीचा तुकडा तपासल्यावरच होतं.

गाठ कुठे आहे, केवढी आहे, भोवती सूज किती, हे एमआरआय सीटी स्कॅनपेक्षा खूप स्पष्ट दाखवतो. साधारणपणे गॅडोलिनियम या, प्रतिमेत फरक उठून दिसावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देण्याआधी आणि दिल्यावर, अशा दोन्ही वेळच्या प्रतिमा घेतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर जिथे ढासळलाय तिथे हे औषध झिरपतं आणि तो भाग पांढरा चमकतो. ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूतल्या झपाट्याने वाढणाऱ्या एका कर्करोगात, बहुधा कडेला वेडंवाकडं चमकणारं कडं आणि मध्ये मेलेला काळपट भाग दिसतो.

गोची इथेच आहे. तसंच कडं पू झालेल्या गळवातही दिसतं आणि दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कर्करोगातही. मग डिफ्युजनच्या, म्हणजे पाण्याचे रेणू किती हलतात ते दाखवणाऱ्या एमआरआयच्या प्रतिमा कामी येतात. घट्ट पुवात पाण्याच्या रेणूंना फारसं हलता येत नाही, म्हणून गळवाचा मधला भाग तिथे लख्ख पांढरा दिसतो. ग्लायोब्लास्टोमाचा सहसा दिसत नाही. उलट, सावकाश वाढणारे ग्लायोमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठी; ग्लायोब्लास्टोमा हा त्यातलाच एक) अनेकदा औषध देऊनही चमकत नाहीत. तेव्हा चमक नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार प्रौढांमधल्या ग्लायोमाचा नेमका प्रकार ठरवायला आयडीएचसारख्या जनुकांची तपासणी लागते. ती स्कॅनमध्ये होत नाही.

न्यूरोसर्जनकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची सीडीही न्या. आधीचा एखादा स्कॅन असेल तर तोही.